भिंत धुण्याआधी डाग ओळखा

जुन्या भिंतीच्या पायथ्याशी पांढरा, खारट, बोटाने पुसला जाणारा भुगा फुटतो. त्याला मराठीत लोणा म्हणतात. या शब्दाचे मूळ लवणात, म्हणजे मिठात आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या नावाचा संबंधही लवणाशीच जोडला जातो. भगवान विष्णूंनी दैत्यसूदनाचे रूप घेऊन लवणासुराचा वध येथे केला, अशी आख्यायिका आहे. लवणासुर मेला असला तरी लवण मात्र जिल्ह्यातून गेलेले नाही. ते सरोवराच्या पाण्यात आहे, पूर्णेच्या खोऱ्यातील विहिरींत आहे आणि असंख्य घरांच्या भिंतींतही आहे.

पावसाळा सरला की दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरांच्या रंगरंगोटीची कामे निघतात. रंग देण्यापूर्वी भिंत धुवावी, हे सर्वांना ठाऊक असते. ती कशाने धुवावी, याचा निर्णय मात्र बहुधा हार्डवेअरच्या दुकानात उभ्या उभ्या होतो. ‘भिंत काळी पडली’, ‘भिंत पांढरी पडली’ एवढेच निदान आणि त्यावर ॲसिड किंवा ब्लीचिंग पावडर हेच औषध. वास्तविक भिंतीवरचा प्रत्येक डाग वेगळ्या कारणाने पडलेला असतो आणि एका डागावरचा उपाय दुसऱ्या डागावर निरुपयोगी, अनेकदा घातकही ठरतो. शेवाळ घालविणारे द्रावण गंजाचा डाग अधिक पक्का करू शकते. सिमेंटचे ओघळ काढणारे आम्ल चुन्याचा गिलावा खाऊन टाकते. लोण्यावर तर ओतलेले साधे पाणीही रोग वाढविते.

जिल्ह्याचे लोक ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ अशी प्रदेशाची वाटणी करतात. भिंतींच्या दुखण्यांनाही ती बऱ्याच अंशी लागू पडते. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा, त्याच बाजूचे चिखली, मेहकर या घाटावरच्या भागांत पावसाळी गारवा व ओल अधिक काळ टिकते आणि उत्तरेकडच्या, झाडांच्या सावलीतल्या भिंती हिरव्या-काळ्या होतात. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या पट्ट्यात खाऱ्या पाण्याचा जाच असल्याने पांढरा लोणा हे मुख्य दुखणे ठरते. मलकापूर, नांदुरा, खामगाव या महामार्गावरील गावांत रस्त्याच्या दर्शनी भिंतींवर वाहनांच्या धुराची काजळी व धूळ यांचा थर बसतो. ही वाटणी ठोकळ आहे. एकाच घराला तिन्ही दुखणी असू शकतात.

परीक्षा सोपी आहे

डाग ओळखण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. काळपट डागावर कापसाच्या बोळ्याने ब्लीचिंगच्या पातळ द्रावणाचे दोन थेंब लावावेत. पाच-दहा मिनिटांत डाग फिका पडला तर ते शेवाळ किंवा बुरशी आहे. रंग तसाच राहिला तर ती काजळी किंवा धूळ समजावी. पांढऱ्या डागावर पाण्याचा हात फिरवावा. पाण्यात विरघळून नाहीसा झाला आणि भिंत वाळताच पुन्हा उमटला, तर तो लोणा होय. पाण्याने न हलणारा, खरवडला तर टणक लागणारा पांढरा ओघळ हा बहुधा सिमेंटमधून बाहेर आलेल्या चुन्याचा असतो. त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले तर बारीक बुडबुडे येतात. तांबूस-पिवळे ओघळ खिडकीच्या गजांपासून, ग्रीलपासून किंवा पाण्याच्या टाकीच्या लोखंडी आधारापासून सुरू होत असतील तर तो गंज, हे सांगावयास नकोच.

डागाबरोबर भिंतही ओळखावी लागते. तळहात घासल्यावर पांढरी पूड लागली तर चुना, डिस्टेंपर किंवा जुना सिमेंट पेंट आहे. अशी भिंत जोरात धुतली तर डागाबरोबर रंगही जाईल. ॲक्रिलिक इमल्शनचा थर धुणे सोसतो. उघड्या विटांची भिंत सोसते, पण भरपूर पाणी पिते. पांढऱ्या मातीने सारवलेल्या धाब्याच्या घराच्या भिंती मात्र धुण्यासाठी नाहीतच. त्यांची डागडुजी मातीनेच करावी लागते. चुन्याने रंगविलेल्या भिंतीचेही तेच आहे. कोरड्या ब्रशने झाडून तिला पुन्हा चुना द्यावा. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की शेवाळाला तो स्वतःच मारक ठरतो. आजोबांच्या काळी दर दिवाळीला घर चुन्याने रंगविण्याची पद्धत होती, तिच्यामागे केवळ हौस नव्हती.

शेवाळ आणि टीसीएल

शेवाळासाठी सर्वांत परिचित व स्वस्त द्रव्य म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीच्या विहिरीत आणि टाकीत टाकली जाणारी ‘टीसीएल पावडर’ ती हीच. (ग्रामपंचायतीचा साठा पिण्याच्या पाण्यासाठी असतो, घराच्या भिंतीसाठी दुकानातूनच आणावी.) तिची ताकद तिच्यातील उपलब्ध क्लोरीनवर मोजली जाते. ताज्या, चांगल्या पावडरीत ते प्रमाण सुमारे ३३ टक्के असते. उघडी राहिलेली, दमट झालेली, गाठी धरलेली पावडर झपाट्याने शक्ती गमावते. ‘डबाभर टाकली तरी फरक पडला नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा जुनी पावडर असते.

बाहेरच्या भिंतीवरील शेवाळासाठी १ टक्का उपलब्ध क्लोरीनचे द्रावण पुरेसे होते. हिशेब असा : एक लिटर पाण्यात १० ग्रॅम क्लोरीन हवे. पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असेल तर लिटरला सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे १० लिटरच्या बादलीला ३०० ग्रॅम पावडर लागेल. तीच पावडर जुनी होऊन २० टक्क्यांवर आली असेल तर बादलीला ५०० ग्रॅम घ्यावी लागेल. प्रथम थोड्या पाण्यात पावडरीची लापशी करावी, मग उरलेले पाणी घालून प्लॅस्टिकच्या बादलीत अर्धा तास स्थिर ठेवावे. चुन्याचा गाळ तळाशी बसतो. वरची निवळी तेवढी वापरावी. गाळासकट भिंतीवर मारल्यास वाळल्यावर पांढरे पुटकुळे राहतात आणि फवाऱ्याची तोटी तुंबते ती वेगळीच.

द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट वापरणाऱ्यांना गाळाचा त्रास नाही, पण विरळ करण्याचा हिशेब चुकण्याची शक्यता अधिक. घरगुती वापराच्या बाटलीत सुमारे ४ ते ६ टक्के, तर मोठ्या कॅनमध्ये १० ते १२ टक्के ताकदीचे द्रावण मिळते. लेबलवरील टक्क्यांतून एक वजा केला की जो आकडा उरतो, तितके भाग पाणी एका भाग द्रावणात घालावे म्हणजे ढोबळमानाने १ टक्क्याचे द्रावण तयार होते. ४ टक्के असेल तर तीन भाग पाणी, १० टक्के असेल तर नऊ भाग. हे द्रव्यही साठवणुकीत कमजोर होते आणि वऱ्हाडातील उन्हाळ्यात तर फारच लवकर. त्यामुळे गेल्या वर्षीचा कॅन लेबलवरच्या टक्केवारीने मोजू नये.

द्रावण लावण्याआधी भिंत साध्या पाण्याने ओली करावी, म्हणजे ती औषध पिऊन टाकत नाही. लावणे खालून वर आणि धुणे वरून खाली, हा क्रम जाणकार रंगारी पाळतात. कोरड्या भिंतीवरून ओघळलेल्या द्रावणाच्या रेघा उमटतात, त्या यामुळे टळतात. १० ते १५ मिनिटे द्रावण भिंतीवर ओले राहिले पाहिजे. भर दुपारी ते दोन मिनिटांत वाळते आणि पैसा व श्रम वाया जातात. म्हणून सकाळची वेळ किंवा ऊन उतरल्यानंतरची सावली निवडावी. त्यानंतर नायलॉनच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवावे. तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे तुटलेले कण भिंतीत अडकून महिन्याभरात गंजाचे ठिपके उठवितात.

शेवाळाबरोबर काही भिंतींवर, विशेषतः जुन्या दगडी कुंपणांवर, राखी-पिवळसर चकत्या चिकटलेल्या दिसतात. ते शैवाक होय. गोडा मसाल्यात पडणारे दगडफूल याच कुळातले. ही चकती ब्लीचिंगने एका दमात निघत नाही. ओली करून लाकडी पट्टीने अलगद उचलावी आणि मगच द्रावण लावावे. उरलेला भाग दोन-तीन आठवड्यांत वाळून आपोआप गळतो. घाई करून खरवडल्यास दगडाचा पापुद्रा सोबत येतो.

ब्लीचिंगचा एक दोष फारसा सांगितला जात नाही. काम संपल्यावर ते क्षारच मागे ठेवते. हायपोक्लोराइटचे शेवटी मीठ बनते. घाटावरच्या एखाद्या घरात नंतर नळाच्या पाण्याने भरपूर धुतले की प्रश्न मिटतो. पण जी भिंत आधीच लोण्याने ग्रासलेली आहे, तिला हे मीठ देणे म्हणजे रोग्याला कुपथ्य खाऊ घालणे. अशा ठिकाणी रंगाच्या दुकानात मिळणारे बेंझाल्कोनियम क्लोराइडचे शेवाळनाशक अधिक बरे. ते हळू काम करते, किमतीलाही जड पडते, परंतु भिंतीत मिठाची भर फारशी घालीत नाही आणि रंगही उडवीत नाही. प्रमाण डब्यावर दिलेले असते, तेच पाळावे.

लोण्यावर द्रावण नाही

लोण्यावर कोणते केमिकल मारावे, असा प्रश्न घाटाखालच्या भागात नेहमी विचारला जातो. त्याचे प्रामाणिक उत्तर ‘कोणतेही नाही’ असे आहे. जमिनीतील ओल विटांतून व सांध्यांतून वर चढते. तिच्यात विरघळलेले क्षार तिच्याबरोबर येतात. भिंतीच्या पृष्ठभागाजवळ पाणी उडून जाते, क्षार तेथेच स्फटिकरूपाने उरतात. हे स्फटिक गिलाव्याच्या आतल्या छिद्रांत वाढू लागले की गिलावा पोटातून फुगतो व पोपडे पडतात. आम्लाने वरचा थर निघून जातो, भिंत आठवडाभर स्वच्छ दिसते आणि आम्लातून तयार झालेले नवे क्षार आत शिरतात. पुढच्या हंगामात लोणा दुपटीने फुटतो.

उपाय कंटाळवाणा आहे. भिंत कडकडीत वाळलेली असताना, म्हणजे थंडीच्या अखेरीस किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला, कोरड्या ब्रशने लोणा झाडावा, खाली वर्तमानपत्र अंथरून तो गोळा करावा आणि घराच्या बाहेर दूर टाकावा. पायथ्याशी पडू दिला तर पहिल्या पावसात तो पुन्हा भिंतीतच जातो. उरलेला अंश काढण्यासाठी कागदाचा लगदा कामी येतो. रद्दी नव्हे, तर शाई नसलेला कोरा कागद किंवा टिश्यू गोड्या पाण्यात भिजवून त्याचा बोटभर जाड थर भिंतीवर थापावा व पूर्ण वाळू द्यावा. लगदा वाळताना भिंतीतील क्षार आपल्यात ओढून घेतो. मग तो सोलून टाकावा. दोन-तीन वेळा असे केले की फरक दिसतो. त्याचबरोबर ओलीचे मूळ शोधणे अपरिहार्य आहे. गळका नळ, भिंतीला लागून असलेली मोरी, पायथ्याशी टाकलेला मुरूम आणि त्यामुळे बुजलेली ओलरोधक पट्टी, यांपैकी काहीतरी तेथे असतेच.

येथे खारपाणपट्ट्याचा विषय येतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा पट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील भूजल खारे आहे. पिण्यासाठी ते चालत नाही, हे सर्वांना माहीत असते. पण तेच बोअरचे पाणी घर धुण्यासाठी, इतकेच काय, नव्या गिलाव्यावर मारण्यासाठीही सर्रास वापरले जाते. खाऱ्या पाण्याने धुतलेली भिंत वाळल्यावर त्या पाण्यातील सर्व क्षार भिंतीवरच राहतात. त्यातील क्लोराइड आत झिरपून स्लॅबच्या व कॉलमच्या सळ्यांना गंज लावतो, हे नुकसान तर डोळ्यांना दिसतही नाही. अशा गावांत घासण्याचे काम एक वेळ बोअरच्या पाण्याने उरकावे, पण अखेरचे धुणे नळाच्या किंवा साठविलेल्या पावसाच्या पाण्यानेच करावे. तितके गोडे पाणी उपलब्ध नसेल तर भिंत न धुता कोरडी घासून रंगविणे अधिक शहाणपणाचे. खाऱ्या व जड पाण्यात साध्या साबणाला फेसही येत नाही. तेथे धुण्याची पावडर वापरावी.

ॲसिड : कमीत कमी

हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे बाजारातले ‘ॲसिड’, याचा बाहेरच्या भिंतीसाठी योग्य उपयोग एकच. उघड्या विटांवर किंवा सिरॅमिक टाइल्सवर सांडलेले सिमेंट व चुन्याचे टणक ओघळ त्याने निघतात. बाजारातले तीव्र आम्ल साधारण ३० टक्क्यांचे असते. त्याचा एक भाग दहा ते पंधरा भाग पाण्यात मिसळावा. आधी पाणी, त्यात आम्ल. उलट कधीही नाही. आम्लात पाणी ओतल्यास उष्णतेने ते उसळून तोंडावर येते. विटा आधी पाण्याने तृप्त कराव्यात, म्हणजे आम्ल वरच राहते. फसफस थांबताच धुवावे, मग धुण्याच्या सोड्याचे पाणी फिरवून उरलेले आम्ल मारावे व पुन्हा धुवावे.

कोठे वापरू नये, ही यादी लांब आहे. चुन्याचा गिलावा, सिमेंटचा गिलावा, मोझॅक, संगमरवर या सर्वांना आम्ल खाते. ओट्यावरची शहाबादी फरशी आणि कडप्पा हे चुनखडीचेच दगड आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. भिंतीवर मारलेले आम्ल ओघळून ओट्यावर येते आणि गुळगुळीत फरशी कायमची खरखरीत व फिकट होते. काळा बेसाल्ट, ज्याच्या जिल्ह्यात खाणीच खाणी आहेत, तो आम्लाला तुलनेने दाद देत नाही. तथापि दगडी भिंत केवळ दगडाची नसते. तिचे सांधे चुन्याचे असतील तर दगड तसाच राहून सांधे पोकळ होतात. जवळच्या ग्रील, कड्या, बिजागऱ्या यांना तर आम्लाची वाफसुद्धा पुरते.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने खरेदीदाराचे नाव व पत्ता यांची नोंद ठेवावी, छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहावे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीस विक्री करू नये, असे हे निर्देश आहेत. बिगर लेबलच्या, थंड पेयाच्या जुन्या बाटलीत ॲसिड देणारा दुकानदार ओळखीचा असला तरी त्याच्याकडून ते घेऊ नये. घरातील मुलाने तहानेपोटी तीच बाटली तोंडाला लावण्याचा धोका त्यात असतो.

गंजाच्या डागासाठी ऑक्झॅलिक आम्लाचे पांढरे खडे मिळतात. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम विरघळवून ते ब्रशने फक्त डागावर लावावे, दहा मिनिटांनी धुवावे. हे आम्ल पोटात गेल्यास विषारी असते, म्हणून स्वयंपाकघरातील भांडे त्यासाठी घेऊ नये. गज घासून त्यांना रेड ऑक्साइड लावले नाही तर पुढच्या पावसाळ्यात डाग परत येणार हे उघड आहे.

काजळी, धूळ आणि लोणारचा सोडा

महामार्गालगतच्या भिंतींवरील काजळीत तेलाचा अंश असतो. तेथे ब्लीचिंगचा उपयोग नाही, आम्लाचाही नाही. दहा लिटर पाण्यात सुमारे १०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि दोन चमचे धुण्याची पावडर, एवढे पुरते. सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. खाण्याचा सोडा त्याहून सौम्य व या कामाला कमी पडणारा, तर कॉस्टिक सोडा कितीतरी उग्र. तो ऑइल पेंट सोलून काढतो आणि हाताची कातडीही. नावसाधर्म्याने दुकानात गफलत होते, तेव्हा पाकिटावरील नाव वाचून घ्यावे.

सोड्याशी या जिल्ह्याचे नाते जुने आहे. लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्यात सोडियम कार्बोनेट व मीठ दोन्ही विपुल आहेत. येथील डोंगरांत काच आणि साबण यांना लागणारे सर्व पदार्थ मिळतात, अशी नोंद अकबरकालीन ‘आइन-ए-अकबरी’त आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर जमणारे क्षार गोळा करण्याचा व विकण्याचा व्यवसाय इंग्रजी अमदानीतही चालत असे. २००० मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२० मध्ये सरोवराला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. आता सोडा दुकानातूनच आणावयाचा.

ज्यांना सोडाही नको असेल, त्यांच्यासाठी रिठा आहे. खामगावची चांदीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे आणि चांदीचे दागिने उजळविण्यासाठी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या रिठ्याचे पाणी वापरीत आले आहेत. इमल्शन लावलेल्या भिंतीवरील साधी धूळ त्याने निघते. महामार्गाची काजळी निघणार नाही.

दोन औषधे एकत्र नकोत

एवढ्या द्रव्यांची नावे घेतल्यावर एक गोष्ट ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. ब्लीचिंग आणि ॲसिड एकमेकांत मिसळता कामा नयेत. ‘दोन्ही घातले तर दुप्पट स्वच्छ’ या समजुतीने ते मिसळले जातात आणि त्यातून हिरवट-पिवळा क्लोरीन वायू बाहेर पडतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जर्मन सैन्याने दोस्तांच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू. हवेहून जड असल्याने तो जमिनीलगत, बोळात, मोरीत साचून राहतो. संडास साफ करण्याच्या बहुतेक द्रवांत हेच आम्ल असते, त्यामुळे तेही ब्लीचिंगजवळ नेऊ नयेत. ब्लीचिंग आणि अमोनिया यांच्या संयोगातूनही घातक वायू निघतो. एकाच भिंतीवर शेवाळ आणि सिमेंटचे ओघळ दोन्ही असतील, तर एक काम आज करावे, भिंत पूर्ण धुवावी आणि दुसरे दोन-तीन दिवसांनी. बादली व ब्रशही वेगळे ठेवावेत.

डोळ्यांत झणझण, घशात आवळल्यासारखे वाटले तर काम तेथेच टाकून मोकळ्या हवेत यावे. कातडीवर किंवा डोळ्यांत थेंब उडाल्यास १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे. पोटात गेल्यास उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटली सोबत न्यावी.

खेड्यापाड्यांतून व शहराच्या कडेच्या वस्त्यांतून भिंत धुण्यासाठी पाठीवरचा फवारणी पंप वापरला जातो. सोय उत्तम, पण तोच पंप कपाशीवर कीटकनाशक किंवा तणनाशक मारण्यासाठी वापरलेला असतो. आतल्या अवशेषाशी ब्लीचिंगचा काय संयोग होईल, याचा नेम नाही. शिवाय ब्लीचिंग पंपाचे पितळी भाग खाते आणि न धुतलेला पंप पुढे पिकावर गेला तर पाने करपतात. भिंतीसाठी वेगळा प्लॅस्टिकचा हातपंप घ्यावा. ॲसिड तर कोणत्याच पंपात भरू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेत शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हा मुखपट्टी, चष्मा आणि हातमोजे यांची चर्चा विदर्भभर झाली होती. रोजंदारीवर भिंत धुणाऱ्या मजुरालाही या तीनही गोष्टी लागतात आणि त्या देणे हे घरमालकाचे काम आहे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

पायथ्याशी तुळस, मोगरा, जास्वंद असेल तर आधी मुळांशी भरपूर पाणी घालावे व रोप प्लॅस्टिकने झाकावे. गुरांचे पाण्याचे टाके जवळ असल्यास ते रिकामे करावे. वाहून जाणारे पाणी विहिरीकडे जात नाही ना, हे उतार पाहून ठरवावे.

दगडी वाडे आणि मंदिरे

सिंदखेडराजा, मेहकर, लोणार येथे जुने दगडी वाडे, ओवऱ्या व मंदिरे आहेत आणि उत्सवाच्या आधी त्यांची ‘साफसफाई’ करण्याचा उत्साह गावोगाव असतो. लोणारचे दैत्यसूदन मंदिर हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यानुसार अशा स्मारकाची हानी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तेथे हात लावण्याचा अधिकार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा आहे. या विभागाची विज्ञान शाखा १९१७ पासून हेच काम करीत आली आहे. दगडावरील शेवाळ काढण्यासाठी तिचे रसायनतज्ज्ञ अमोनियाचे अत्यंत विरळ द्रावण व उदासीन डिटर्जंट मऊ ब्रशने वापरतात, त्यानंतर भरपूर पाण्याने धुतात आणि दगड वाळल्यावर शेवाळनाशक लावतात. क्षार काढण्यासाठी त्यांचा भरवसा कागदाच्या लगद्यावरच असतो. ताजमहालाचा पिवळेपणा घालविण्यासाठी १९९४ पासून अनेकदा मुलतानी मातीचा लेप दिला गेला. संगमरवराला आम्ल मात्र लावले गेले नाही.

खासगी मालकीच्या दगडी वाड्याला कायद्याचे हे बंधन नसले तरी पद्धत तीच चालते. साधे गोडे पाणी, नायलॉनचा ब्रश, शेवाळ असेल तेथे बेंझाल्कोनियम क्लोराइड, आणि सांधे पोकळ झाले असतील तर सिमेंट न भरता चुनाच भरणे. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने वाडा धुण्याची नवी टूम निघाली आहे. त्या झोताने शेवाळाबरोबर सांध्यातला चुनाही निघतो. भिंतीच्या एका कोपऱ्यात, दारामागे, वीतभर चौकोनात आधी प्रयोग करून दोन दिवस थांबावे. वाळल्यानंतर त्या चौकोनाचा रंग, खरखरीतपणा आणि पांढरेपणा शेजारच्या भागाशी ताडून पाहावा व मगच उरलेल्या भिंतीचे द्रावण कालवावे.